प्रेमाचें शासन कीं बहिष्काराचें?

‘शिक्षा’ ह्या शब्दाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. संस्कृतांत शिक्षा म्हणजे शिकविणें. त्याच धातूपासून ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षक’ हे शब्द आपण घेतले. परंतु मराठींत येतां येतां खुद्द ‘शिक्षा’ मात्र दंड, ताडन आणि तुरुंग ह्यांचीच वाचक होऊन बसली. ‘शासन’ ह्या शब्दाचीही तीच गत. ज्या धातूपासून ‘शिष्य’ निघाला त्याच धातूपासून ‘शासन’ निघालें. पण शासन म्हटलें कीं आज आपल्या डोळ्यांपुढें गुरूचा आश्रम उभा राहत नाहीं, चाबूक किंवा कचेरी उभी राहते. शब्दांची ही घसरण केवळ कोशकारांनीं टिपून ठेवावी एवढ्याच योग्यतेची नाहीं. शिकविण्याच्या हेतूनें सुरू झालेला दंड हळूहळू हेतु विसरून नुसता दंडच कसा उरतो, ह्याचा तो चालताबोलता दाखला आहे.

दोष सर्वच समाजांत घडतात. प्रश्न एवढाच कीं, आपल्यापैकीं एखादा उघडउघड अन्यायानें वागत असला तर बाकीच्यांनीं करावें काय? अनुभव असा आहे कीं, दोषी मनुष्य धनवान् किंवा वजनदार असला म्हणजे समाज डोळेझांक करितो, आणि तो गरीब असला, किंवा ती एखादी निराधार स्त्री असली, म्हणजे तोच समाज एका बैठकींत वाळींत टाकून मोकळा होतो. वरवर पाहतां हे दोन मार्ग परस्परविरुद्ध दिसतात. वास्तविक ते सख्खे भाऊ आहेत. दोहोंतही दोषी माणसाच्या दारापर्यंत चालत जाण्याचा, त्याच्यासमोर बसून अप्रिय सत्य बोलण्याचा आणि त्याचें उत्तर ऐकून घेण्याचा त्रास वांचतो. हा त्रास ज्यांनीं घेतला अशा लोकांची एक हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवणार आहों. ती अठराव्या शतकांतील अमेरिकेंतल्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाची आहे. त्या धर्माची थोरवी गाण्याचा किंवा त्यांत न्यून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रेमानें केलेलें शासन म्हणजे काय, त्यानें काय साधतें आणि काय साधत नाहीं, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम ह्या लोकांचा धर्मग्रंथ काय सांगतो तें थोडक्यांत पाहूं. बायबलाच्या नव्या करारांत इब्री लोकांस लिहिलेलें एक पत्र आहे. त्याच्या बाराव्या अध्यायाचा आशय असा: बाप ज्या मुलावर प्रेम करितो त्यालाच वळण लावितो, देवाकडून येणारें शासन हें देवानें आपणांस टाकल्याचें चिन्ह नसून आपण त्याचीं मुलें असल्याचें चिन्ह आहे, तें होत असतां दुःखाचेंच वाटतें, पण पुढें त्याचें फळ शांतीचें येतें. मूळ ग्रीक भाषेंत तेथें ‘पैदेइया’ असा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ मूल वाढविणें, त्याला शिकवून माणूस करणें, असा आहे. म्हणजे ग्रीकांचा शब्दही आपल्या ‘शिक्षा’ शब्दाच्या मूळ अर्थाशींच येऊन मिळतो.

माणसांनीं एकमेकांस कसें सुधारावें ह्याचा क्रम मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत आहे. भावानें अपराध केला तर प्रथम एकट्यानें त्याच्याकडे जावें आणि दोघेंच असतां त्याचा दोष त्याला सांगावा. न ऐकल्यास आणखी एकदोघांस बरोबर न्यावें. तरीही न ऐकल्यास मंडळीला कळवावें. मंडळीचेंही न मानल्यास मग त्याला परका समजावें. पुष्कळ लोक ह्या क्रमांतील शेवटची पायरी तेवढी लक्षांत ठेवितात. पण ह्या वचनांच्या अगदीं आधीं हरवलेल्या एका मेंढराच्या शोधार्थ नव्व्याण्णव मेंढरें सोडून जाणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टांत आहे, आणि त्यांच्यामागून लगेच अपराध्याला अगणित वेळां क्षमा करण्याचा उपदेश आहे. ज्या चौकटींत हा क्रम बसविला आहे ती चौकट शोधण्याची आणि क्षमेची आहे. हाकून देण्याची नाहीं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत पौलानें आणखी एक अट घातली आहे: चुकलेल्याला सौम्यतेनें ताळ्यावर आणावें, आणि आणणारानें आपल्यावरही नजर ठेवावी.

हें सर्व ग्रंथांत आहे. आचारांत मात्र ख्रिस्ती मंडळ्यांनीं ह्याचें पुष्कळदां उलटेंच केलें. सोळाव्या शतकांतील धर्मक्रांतीनंतर स्कॉटलंडांत व्यभिचारादि अपराधांबद्दल स्त्रीपुरुषांस भर मंडळींत पश्चात्तापाच्या चौरंगावर बसवीत असत. आणि ज्याच्या गांठीं पैसा असे त्याला दंड भरून ती नामुष्की टाळतां येई. अशा शासनानें किती जणांचें अंतःकरण पालटलें असेल ह्याचा तर्क वाचकांनींच करावा. म्हणून ज्या प्रसंगीं शासनाचा रोंख दुबळ्यांकडून वळून बळवंतांकडे गेला, तोच प्रसंग आम्हांस विशेष विचारार्ह वाटतो.

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स ह्याच्या उपदेशानें ‘मित्रमंडळ’ नांवाचा पंथ निघाला. लोक त्यांस क्वेकर म्हणूं लागले. त्यांच्यांत पगारी उपाध्याय नसे. स्त्रीपुरुष स्तब्ध बसून उपासना करीत, आणि ज्याला अंतर्यामीं प्रेरणा होई तो बोले. १६८१ सालीं ह्याच पंथाच्या विल्यम पेन ह्याला इंग्लंडच्या राजाकडून अमेरिकेंत मोठा मुलूख मिळाला. तोच पेनसिल्व्हेनिया प्रांत. तेथें क्वेकर लोकांची भरभराट झाली, आणि भरभराटीबरोबर त्यांच्या घरांत आफ्रिकेंतून पकडून आणलेले गुलामही आले. सर्व माणसांच्या ठायीं ईश्वरी प्रकाश आहे असें सांगणारे, शस्त्र हातीं न धरणारे, शपथही न वाहणारे हे लोक माणसांची खरेदीविक्री करूं लागले. खुद्द पेनच्या पदरीं गुलाम होते.

ह्या विसंगतीकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं असें नाहीं. १६८८ सालीं फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन गांवांतील चौघां जणांनीं एक लेखी निषेध मासिक सभेपुढें ठेविला. मासिक सभेनें विषय फार भारी म्हणून तो त्रैमासिक सभेकडे पाठविला. तिनें तो वार्षिक सभेकडे पाठविला. आणि वार्षिक सभेनें त्यावर निर्णय देण्याचें टाळलें. ज्यांस सार्वजनिक संस्थांच्या कारभाराचा अनुभव आहे त्यांस ही रीत नवी वाटणार नाहीं. वार्षिक सभेंतील मोठमोठे गृहस्थ स्वतःच गुलामांचे मालक होते, हें ह्या टाळाटाळीचें साधें कारण.

पुढें पन्नास वर्षांनीं बेंजामिन ले नांवाचा एक मनुष्य उभा राहिला. हा उंचीनें जेमतेम चार फूट, पाठीला कुबड असलेला, पूर्वीं खलाशाचें काम केलेला. बार्बाडोस बेटांत दुकान चालवीत असतां गुलामांचे हाल त्यानें डोळ्यांनीं पाहिले होते. १७३८ सालीं बर्लिंग्टन येथील वार्षिक सभेंत तो अंगरख्याखालीं सैनिकाचा वेष करून आला. एका पोकळ केलेल्या पुस्तकांत लाल रसानें भरलेला फुगा त्यानें दडवून ठेविला होता. गुलाम बाळगणारांचा धिक्कार करून त्यानें त्यांत तरवार खुपसली आणि तो रक्तासारखा रस जवळच्या मंडळींवर उडविला. सभेनें त्याला बाहेर घालविलें, आणि त्याच सालीं मंडळींतून त्याचें नांव कमी केलें. त्यापूर्वीं त्यानें लिहिलेला निषेधग्रंथ बेंजामिन फ्रँकलिन ह्यानें १७३७ सालीं छापला होता.

येथें क्षणभर थांबून विचार करणें अवश्य आहे. मंडळीनें शासन केलें, पण कोणाला? माणसें विकणारांस नव्हे. तें पाप मोठ्या आवाजांत सांगणाराला. ज्या समाजांत शिस्तीचा दोर शिष्टांच्या हातीं असतो, तेथें सभेची अदब मोडणें हा मोठा गुन्हा ठरतो, आणि दुसऱ्याचा जन्म मोडणें ही खाजगी बाब ठरते. ले ह्याची रीत कठोर होती हें खरें. परंतु त्याच्या कठोरपणाची चर्चा करणारांनीं त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलें नव्हतें, हें त्याहून खरें.

जॉन वूलमन हा ले ह्याच्या पुढच्या पिढीचा. जन्म १७२० सालचा, न्यू जर्सी प्रांतांतील. तरुणपणीं तो माउंट हॉली गांवांतील एका दुकानांत नोकरीस होता. एके दिवशीं त्याच्या धन्यानें आपली एक नीग्रो स्त्री विकली आणि तिचें विक्रीखत लिहिण्यास वूलमनला सांगितलें. गिऱ्हाईक दारांत उभें होतें. धन्याची आज्ञा होती. घेणारा मनुष्य वयोवृद्ध आणि आपल्याच मंडळीचा होता. वूलमननें खत लिहिलें. पण त्याचें मन त्याला खाऊं लागलें, आणि त्यानें तेथल्या तेथें धन्याला व त्या वृद्धाला सांगितलें कीं, गुलाम बाळगणें ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे असें मला वाटतें. एवढें बोलून मनाचा भार थोडा हलका झाला; तरी खत मुळींच लिहावयास नको होतें ही टोंचणी पुढें त्यानें आपल्या रोजनिशींत नमूद करून ठेविली. दुसऱ्याच्या दोषापूर्वीं स्वतःचा दोष लिहून ठेवण्याची ही संवय त्याच्या सर्व चरित्राची किल्ली आहे.

ह्यापुढें त्यानें असें कोणतेंही खत लिहिलें नाहीं. एकदां एका शेजाऱ्याला मोठी दुखापत झाली आणि त्यानें मृत्युपत्र लिहिण्यास वूलमनला सांगितलें. मृत्युपत्रांत एका नीग्रो मुलीची वांटणी होती. वूलमननें बाकीचें सर्व लिहून नेलें, तो भाग मोकळा सोडला, आणि बिछान्याशीं बसून सांगितलें कीं, माणसाला गुलाम करणारा लेख माझ्या हातून होणार नाहीं. लिहिल्याची मजुरीही मला नको. दोघांचें बराच वेळ गंभीरपणें बोलणें झालें. अखेर त्या गृहस्थानें मुलीला मुक्त करण्याचें कबूल केलें, आणि मग वूलमननें मृत्युपत्र पुरें केलें. ह्यांत भाषण नाहीं, जाहीर निंदा नाहीं, धमकी नाहीं. पण सत्यांत तीळभरही कमीपणा नाहीं.

१७४६ सालीं आणि पुन्हां १७५७ सालीं तो दक्षिणेच्या प्रांतांत फिरला. तेथें त्याला आपल्याच पंथाच्या मालकांच्या घरीं उतरावें लागे. त्या घरांतलें अन्न गुलामांच्या फुकट श्रमांचें. तें खाऊन वर मालकाला उपदेश करावा हें त्याला पटेना. म्हणून निघतांना तो गुलामांच्या कामाबद्दल पैसे देऊं लागला. कधीं त्यांच्याच हातांत, कधीं मालकाजवळ देऊन त्यांस पोंचविण्यास सांगे. यजमानाला हें अपमानकारक वाटेल ह्याची त्याला जाणीव होती, आणि स्वतः त्यालाही संकोच वाटे. तरी त्यानें तो प्रघात सोडला नाहीं. दुकानाचा व्याप वाढूं लागला तेव्हां त्यानें दुकान बंद करून शिवणकामावर भागविलें. गुलामांच्या श्रमांनीं पिकणारी साखर त्यानें सोडली. रंगविलेले कपडे सोडून बिनरंगाचे वापरूं लागला, तेव्हां त्याचे मित्रही त्याच्यापासून थोडे दूर राहूं लागले. दुसऱ्याकडून त्याग मागावयाचा तर आपल्या अंगाला त्याची झळ आधीं लागली पाहिजे, हा त्याचा नियम होता.

ह्याच सुमारास पेनसिल्व्हेनियावर मोठें संकट आलें. १७५५ सालीं फ्रेंच आणि इंग्रज ह्यांच्या युद्धाची झळ प्रांताच्या सरहद्दीला लागली; मूळच्या रहिवाशांनीं वसाहतींवर हल्ले केले; पुष्कळ कुटुंबें मारलीं गेलीं. पुढच्या सालीं युद्ध पुकारलें गेलें तेव्हां कित्येक क्वेकर सभासदांनीं कायदेमंडळांतल्या जागा सोडल्या. सत्तर वर्षें टिकलेली शांतता मोडली ती कां, असें हे लोक एकमेकांस विचारूं लागले. त्यांतील विचारी लोकांनीं उत्तर दिलें कीं, हें देवाचें शासन आहे आणि तें आपल्यासाठीं आहे. मूळच्या रहिवाशांच्या जमिनी लबाडीनें घेतल्या गेल्या. १७३७ सालीं पेनच्या मुलांनीं चालण्याच्या मापाची एक सोय काढून कसें फसविलें तें सर्वांस ठाऊक होतें. शिवाय आपल्या घरांत गुलाम आहेत. असें असतां आपण नीतिमान् म्हणून मिरवतों, ह्याचाच हा हिशेब होय.

आपत्तीला ईश्वरी शासन म्हणणें ही गोष्ट मोठी धोक्याची आहे. १९३४ सालीं बिहारांत भयंकर भूकंप झाला तेव्हां महात्मा गांधींनीं तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड म्हटला, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्याला जाहीर हरकत घेतली. ती हरकत आम्हांसही योग्य वाटते. कारण भूकंपांत घर पाडतांना सवर्ण आणि अस्पृश्य असा भेद होत नाहीं, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला तेच पुन्हां ढिगाऱ्याखालीं सांपडतात. सरहद्दीवर मेलेलीं मुलें गुलामांचीं मालक नव्हतीं. म्हणून युद्धाचें कारण सांगण्याच्या दृष्टीनें ती क्वेकर मीमांसा आम्हांस मान्य नाहीं. पण तिचा एक गुण कबूल केला पाहिजे. त्यांनीं दंडाचें बोट शेजाऱ्याकडे न दाखवितां स्वतःकडे दाखविलें, आणि नुसतें प्रार्थनेवर न भागवितां आपल्या घरांतली वस्तुस्थिति बदलण्यास आरंभ केला. संकटाचा उपयोग आत्मपरीक्षणाकडे करणें ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याच्या संकटावर निकाल देणें ही दुसरी. ह्या दोहोंची गल्लत केली नाहीं तर ईश्वरी शासनाची कल्पना माणसाला नम्र करिते. केली तर क्रूर करिते.

१७५८ सालची फिलाडेल्फियाची वार्षिक सभा ह्या पार्श्वभूमीवर भरली. गुलामांचा प्रश्न निघाला. आणखी कांहीं काळ वाट पाहावी, देव मार्ग काढील, असा सूर अनेकांनीं लाविला. वूलमन बराच वेळ स्तब्ध होता. मग तो उठला आणि त्यानें सांगितलें, त्याचा भावार्थ असा कीं, ह्या पीडितांचा आक्रोश देवाच्या कानीं पोंचला आहे. आपलें कर्तव्य आपणांस कळलें असतां कांहीं लोकांच्या स्वार्थाकडे पाहून किंवा मैत्रीच्या भिडेनें आपण तें लांबणीवर टाकलें, तर देव ह्याहून भयंकर रीतीनें उत्तर देईल. सभेचें मन पालटलें. जे सभासद ह्यापुढें गुलामांची खरेदीविक्री करतील त्यांस मंडळीच्या कारभारांत बसूं देऊं नये, आणि त्यांची वर्गणीही घेऊं नये, असें ठरलें. श्रीमंताची वर्गणी नाकारणारा ठराव! आपल्याकडील किती संस्थांच्या दप्तरांत असा ठराव सांपडेल?

ह्याहून महत्त्वाचा ठराव दुसरा होता. ज्यांच्याजवळ गुलाम आहेत अशा सभासदांच्या घरोघर जाऊन त्यांच्याशीं बोलण्याकरितां वूलमन आणि आणखी कांहीं जण ह्यांची नेमणूक झाली. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांतील पहिली पायरी ती हीच. पुढचीं दोनतीन वर्षें हे लोक दारोदार हिंडले. काम कठीण होतें. सधन, प्रतिष्ठित, वयानें वडील अशा माणसांसमोर बसून त्यांच्या घरांतली गोष्ट काढावयाची होती. वूलमनच्या रोजनिशींत ह्या भेटींपूर्वींचें दडपण आणि भेटीनंतरचा थकवा हीं दोन्ही दिसतात. कांहींनीं ऐकलें, कांहींनीं ऐकलें नाहीं. पण भेटी थांबल्या नाहींत. मासिक सभांनीं आपापल्या गांवीं तेंच काम हातीं घेतलें. १७७४ सालीं खरेदीविक्री करणारांस आणि १७७६ सालीं गुलामांस मुक्त करण्याचें साफ नाकारणारांस मंडळींतून कमी करण्याचा नियम झाला. म्हणजे बहिष्कार आला, पण तो अठरा वर्षें दारीं जाऊन बोलल्यानंतर आला. आणि त्यानें अपराधी म्हणून दुबळ्याला न धरतां मालकाला धरलें. डेलावेअरांतील वॉर्नर मिफ्लिन ह्यानें १७७४–७५ सालीं आपले गुलाम मुक्त केले, आणि मागील श्रमांबद्दल मोबदलाही दिला. पश्चात्ताप म्हणजे नुसते डोळे पुसणें नव्हे, हिशेब पुरा करणें, हें त्यानें ओळखलें होतें.

वूलमन तो दिवस पाहण्यास जगला नाहीं. १७७२ सालीं तो इंग्लंडांत गेला. जहाजावर वरच्या खोलींतील नक्षीकामाचा थाट त्याला रुचेना, म्हणून त्यानें खलाशांजवळ दाटीवाटीनें प्रवास केला; इंग्लंडांत घोडागाड्या हांकणाऱ्या मुलांचे आणि घोड्यांचे हाल ऐकून तो पायींच हिंडला. त्याच सालच्या आक्टोबरांत यॉर्क शहरीं देवी येऊन तो वारला. त्याच्या आयुष्यांतील एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. तरुणपणीं एका मृत्युपत्राचा व्यवस्थापक ह्या नात्यानें त्यानें दुसऱ्या व्यवस्थापकाबरोबर एका नीग्रो मुलाची सेवा तीस वर्षांच्या वयापर्यंत विकली होती. गोऱ्या मुलाची बांधिलकी एकविसाव्या वर्षीं संपे. १७६९ सालीं, जगाला उपदेश करून प्रसिद्धि मिळाल्यावर, ही जुनी गोष्ट त्याच्या मनांत पुन्हां उभी राहिली. त्या अधिक नऊ वर्षांपैकीं आपल्या वांट्याच्या साडेचार वर्षांची किंमत आपण भरूं, असें त्यानें स्वतःला लेखानें बांधून घेतलें. ही गोष्ट कोणी उकरून काढली नव्हती. त्यानें ती आपणच सांगितली.

आतां दुसरी बाजूही प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. १६८८ पासून १७७६ पर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षें लोटलीं. प्रेमानें, धीरानें, मालकाचें मन न दुखवितां चाललेल्या ह्या सुधारणेची किंमत मालकांनीं दिली नाहीं. ती गुलामांनीं दिली. त्या अवधींत किती जणांचा जन्म शेतांत आणि स्वयंपाकघरांत संपला असेल! अपराध्याशीं धीरानें वागतांना ज्याच्यावर अपराध झाला त्याच्या नांवानें आपण उधार घेत असतों, हें सौम्य सुधारकांनीं कधीं विसरूं नये. म्हणूनच ले ह्याच्यासारख्या कर्कश माणसांचें ऋण वूलमनसारख्या मृदु माणसांवर असतें. १७५८ च्या ठरावाची बातमी ले ह्याच्या कानीं मरणापूर्वीं पोंचली, एवढेंच समाधान. त्याच्या अबिंग्टन गांवच्या मंडळीनें त्याच्याशीं आपलें ऐक्य जाहीर केलें, पण तें हल्लींच्या काळांत, अडीचशेंहून अधिक वर्षांनीं.

दुसरा दोष असा कीं, ज्या वर्षांत गुलामांच्या मालकांची मनधरणी चालली होती त्याच वर्षांत पंथाबाहेर लग्न केल्याबद्दल पुष्कळ तरुण स्त्रीपुरुषांस हीच मंडळी झटपट कमी करीत होती. प्रेमाचा धीर मालकाला मिळाला. लग्न करणाऱ्या मुलीला तो पुरेसा मिळाला नाहीं. आणि गुलाम मुक्त झाल्यावरही काळ्या उपासकांस सभागृहांत निराळ्या बांकावर बसविण्याची चाल राहिलीच. एकोणिसाव्या शतकांत फिलाडेल्फियाच्या सेरा मॅप्स डग्लस ह्या शिक्षिकेनें त्या बांकाचें दुःख स्पष्ट शब्दांत मांडलें. दास्य काढलें, पण बंधुत्व दिलें नाहीं. शासन अर्ध्यावर थांबलें म्हणजे असें होतें.

हे दोष धरूनही ह्या हकीकतीचा आपल्याशीं संबंध उरतोच. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील ज्या सज्जनांस अर्पण केलें, ते नीग्रोंचें दास्य नाहींसें करण्यास झटलेले लोक होते. आणि त्या कार्याच्या आद्य प्रवर्तकांत हे क्वेकर येतात. जोतीरावांस त्या उदाहरणांत आपल्या देशाचा प्रश्न दिसला, तो आजही मिटलेला नाहीं. जातपंचायतींनीं कुटुंबेंच्या कुटुंबें वाळींत टाकावीं, आणि तें थांबविण्यास राज्याला २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा करावा लागावा, ही महाराष्ट्राची वस्तुस्थिति आहे. कायदा अवश्य होता आणि त्याची अंमलबजावणी कडक झाली पाहिजे. परंतु कायदा वाईट शासन बंद करील. चांगलें शासन कसें करावें हें तो शिकविणार नाहीं.

तें शिकावयाचें तर ह्या हकीकतींतून चार कसोट्या निघतात. सुधारणारानें आपल्या दोषाची भरपाई आधीं केली आहे काय? तो पाठीमागें न बोलतां समोर जाऊन बोलला आहे काय? त्याचें शासन दुबळ्याप्रमाणें बळवंतालाही लागू पडतें काय? आणि त्याचा शेवट अपराध्याला परत घेण्यांत, व ज्याच्यावर अन्याय झाला त्याची भरपाई करण्यांत, होतो काय? ह्या चारांपैकीं एकही उत्तर नकारार्थी आलें तर त्या शासनाला प्रेमाचें शासन म्हणूं नये, मग तें मंडळीचें असो, पंचायतीचें असो, कीं वर्तमानपत्राचें असो. आम्हीही ह्या कसोटींतून सुटत नाहीं. लेखणीनें दुरून ताडन करणें सोपें असतें, आणि त्या सोपेपणाची लालूच आमच्या धंद्याला फार आहे.

आपल्या गांवांत ज्याच्याविषयीं आपण सर्वांशीं बोलतों, पण ज्याच्याशीं कधीं बोललों नाहीं, असा एखादा मनुष्य प्रत्येकाला ठाऊक असतो. त्याच्या दारीं जाण्यास कोणत्याही कायद्याची किंवा ठरावाची वाट पाहावी लागत नाहीं. मात्र घरांतून निघण्यापूर्वीं आपली स्वतःची जुनी वही एकदां उघडून पाहावी, आणि तिच्यांत कोणाचीं साडेचार वर्षें देणें राहिलीं असतील तर तीं आधीं चुकतीं करावीं.